विमानप्रवासातील बालसुरक्षा आसन

विमानप्रवासातील बालसुरक्षा आसन म्हणजे विमानाच्या प्रवासी आसनावर पट्ट्याने बसवून त्यात तान्ह्या किंवा लहान मुलाला सुरक्षितपणे बांधून ठेवण्याचे साधन होय. मोटारगाडीसाठी बनविलेली आणि विमानातील वापरासाठीही प्रमाणित झालेली आसनेच या कामी सर्वाधिक वापरली जातात. त्यामुळे व्यवहारात त्यांना 'कार सीट' असेच म्हटले जाते. बहुतेक देशांत दोन वर्षांखालील मुलाला स्वतंत्र आसन न घेता प्रौढ व्यक्तीच्या मांडीवर बसवून नेण्यास परवानगी आहे. परिणामी कार सीट विमानात वापरावी की नाही, हा निर्णय पालकांवर येऊन पडतो.

मांडीवर धरलेल्या बालकापेक्षा स्वतःच्या आसनात बांधलेले बालक अधिक सुरक्षित असते, याविषयी विमान सुरक्षा संस्था व बालरोगतज्ज्ञांच्या संघटना यांच्यात एकमत आहे. मतभेद आहे तो कायद्याने त्याची सक्ती करावी की नाही, याविषयी. हा वाद अमेरिकेत १९९० पासून चालू असून त्यात विमान अपघातांचे अनुभव, रस्ते अपघातांची आकडेवारी आणि तिकिटाचा खर्च असे तिन्ही मुद्दे गुंतलेले आहेत.

पार्श्वभूमी

प्रवासी विमानात उड्डाणापूर्वी प्रत्येक वस्तू बांधून किंवा बंद करून ठेवणे बंधनकारक असते. हातातील सामान वरच्या कप्प्यात किंवा समोरच्या आसनाखाली ठेवावे लागते, समोरचे टेबल मिटवावे लागते आणि स्वयंपाककक्षातील भांडी व गाडे कुलूपबंद केले जातात. प्रत्येक प्रवाशाने आणि कर्मचाऱ्याने आसनपट्टा बांधणेही आवश्यक असते. या नियमाला अपवाद ठरतो तो मांडीवरील बालकाचा. अमेरिकी विमानांत अशा बालकाला कोणताही पट्टा नसतो. पालकाच्या हातांची पकड हाच त्याचा एकमेव आधार असतो.

दोन वर्षांची मर्यादा जगभर जवळजवळ सारखीच आहे. देशांतर्गत प्रवासात अमेरिकी कंपन्या मांडीवरील बालकाचे भाडे सहसा आकारत नाहीत, तर आंतरराष्ट्रीय प्रवासात अनेक कंपन्या प्रौढ भाड्याच्या सुमारे दहा टक्के रक्कम घेतात. स्वतंत्र आसन घेतल्यास मात्र बालकाचे पूर्ण किंवा थोडे सवलतीचे भाडे भरावे लागते. मुलाला दुसरे वर्ष पूर्ण झाले की त्याच्यासाठी वेगळे आसन घेणे सक्तीचे होते. प्रवासाला निघताना दोन वर्षांखालील असलेले मूल परतीपूर्वी दोन वर्षांचे होत असेल, तर परतीच्या टप्प्यासाठी सामान्यतः त्याचे स्वतंत्र आसन घ्यावे लागते.

मांडीवरील बालकावर कार्य करणारी बले

विमान आणि त्यातील प्रवासी एकाच वेगाने जात असतात. विमानाचा वेग एकाएकी घटला, तरी न बांधलेली वस्तू जडत्वामुळे आपल्या मूळ वेगाने पुढे जात राहते. वेग जितक्या झपाट्याने घटेल तितके बल ती वस्तू रोखून धरण्यासाठी लागते. विमानाच्या आसनांसाठीचे जुने मानक पुढच्या दिशेने गुरुत्वीय त्वरणाच्या नऊपट, म्हणजे ९ जी, इतका स्थिर भार सहन करण्याचे होते. १९८८ मध्ये अमेरिकेने नव्या रचनेच्या विमानांसाठी १६ जी गतिक चाचणीचे मानक स्वीकारले. २७ ऑक्टोबर २००९ नंतर बनलेल्या अमेरिकी प्रवासी विमानांतील आसनांना हे मानक लागू आहे.

या आकड्यांचा अर्थ बालकाच्या संदर्भात असा होतो : १० किलोग्रॅम वजनाच्या, म्हणजे साधारण एक वर्षाच्या मुलाला ९ जी मंदनात धरून ठेवण्यासाठी सुमारे ९० किलोग्रॅम वजन पेलण्याइतके बल लागते. १६ जी मंदनात तेच बल १६० किलोग्रॅमच्या वजनाइतके होते. हा झटका एका सेकंदाच्याही अंशात येऊन जातो. इतक्या अल्प काळात एवढे बल हातांनी देणे बलवान माणसालाही शक्य नसते. पालकाची इच्छाशक्ती, सावधपणा किंवा मुलाला छातीशी घट्ट कवटाळण्याची सवय यांमुळे या गणितात फरक पडत नाही.

दुसरा धोका पालकाच्या स्वतःच्या शरीराचा असतो. कमरेचा पट्टा बांधलेली प्रौढ व्यक्ती आघाताच्या वेळी कमरेतून पुढे वाकते. तिच्या धडाचा भार मांडीवरील मुलावर येतो आणि मूल तिच्या आणि समोरच्या आसनाच्या मध्ये चेंगरले जाऊ शकते.

अपघातांपेक्षा कितीतरी अधिक वेळा अनुभवास येणारी स्थिती म्हणजे हवेतील खळबळ. विमान ज्या त्वरणाने खाली जाते ते गुरुत्वीय त्वरणापेक्षा अधिक झाले, तर न बांधलेली व्यक्ती आसनावरून उचलली जाऊन छतावर आदळू शकते. निरभ्र आकाशातील खळबळ वैमानिकाला किंवा हवामान रडारला आधी दिसत नाही. त्यामुळे पट्टा बांधण्याची सूचना देण्याइतका अवधी मिळेलच असे नाही.

दोन वर्षांवरील मुलांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांना स्वतःचे आसन व पट्टा असतो; परंतु विमानातील पट्टा प्रौढांच्या कटिभागाला अनुसरून बनविलेला असतो. लहान मुलाच्या बाबतीत तो श्रोणीच्या हाडांवर न बसता पोटावर सरकण्याची शक्यता असते. पाय आसनाच्या कडेपर्यंत न पोहोचणारे मूल पट्ट्याखालून घसरूही शकते. याच कारणामुळे १८ किलोग्रॅम वजनापर्यंतच्या मुलांनी बालसुरक्षा साधन वापरावे, असा सल्ला दिला जातो.

साधनांचे प्रकार

मागील दिशेकडे तोंड असलेले आसन : यात मुलाची पाठ विमानाच्या पुढील दिशेकडे असते. आघाताचे बल पाठ, मान व डोके यांवर समान पसरते. अमेरिकेत ९ किलोग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या मुलांसाठी हा प्रकार सुचविला जातो. हे आसन लावल्यावर समोरच्या प्रवाशाला आपली पाठ मागे झुकविता येत नाही, अशी तक्रार वारंवार होते.

पुढील दिशेकडे तोंड असलेले आसन : यात खांदे, कंबर आणि जांघांमधून जाणारे पट्टे असतात. साधारण ९ ते १८ किलोग्रॅम वजनाच्या मुलांसाठी ते वापरले जाते. चालू लागलेल्या व दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी हाच प्रकार सर्वांत प्रचलित आहे.

पट्ट्यांचे जाळे : विमानाच्या आसनाच्या पाठीभोवती एक पट्टा गुंडाळून त्याला खांद्यांचे दोन पट्टे जोडलेले असतात. खालच्या बाजूस विमानाचाच कमरपट्टा वापरला जातो. 'केअर्स' या नावाने विकल्या जाणाऱ्या अशा साधनास अमेरिकेने २००६ मध्ये मान्यता दिली. ते १० ते २० किलोग्रॅम वजनाच्या आणि सुमारे १०० सेंटिमीटरपर्यंत उंचीच्या मुलांसाठी आहे. त्याचे वजन अर्धा किलोग्रॅमच्या आसपास असल्याने ते हातपिशवीत मावते. मात्र ते मोटारगाडीत वापरता येत नाही. त्यामुळे उतरल्यावर गाडीने प्रवास करावयाचा असल्यास वेगळे आसन लागते.

पूरक पट्टा : हा लहान पट्टा प्रौढाच्या कमरपट्ट्यात ओवून मुलाच्या पोटाभोवती बांधला जातो. युरोप व आशियातील अनेक कंपन्या तो देतात. खळबळीत मूल उडून जाऊ नये यासाठी तो उपयोगी पडतो; परंतु आघाताच्या वेळी सर्व बल मुलाच्या मऊ पोटावर येते आणि पालकाच्या धडाखाली चेंगरण्याचा धोका कायम राहतो.

भिंतीवरील पाळणा : विमानातील आडभिंतीला अडकविलेला हा पाळणा झोपण्याच्या सोयीसाठी असतो. उड्डाण व अवतरण यांच्या वेळी तो वापरता येत नाही, तसेच पट्टा बांधण्याची सूचना मिळताच मुलाला त्यातून बाहेर घ्यावे लागते. त्यामुळे तो सुरक्षा साधनांत मोडत नाही.

उंचवटा आसन : मोटारगाडीतील मोठ्या मुलांना उंच बसविणाऱ्या, पाठ नसलेल्या आसनाला खांद्यावरून येणाऱ्या पट्ट्याची गरज असते. विमानाच्या प्रवासी आसनाला बहुधा फक्त कमरपट्टा असतो. म्हणून उड्डाण व अवतरणाच्या वेळी अशा आसनांस अमेरिकेत मनाई आहे. पाय पसरण्यासाठी मिळणाऱ्या फुगवता येणाऱ्या उश्या व पेट्याही केवळ आरामाच्या वस्तू आहेत. काही कंपन्या त्यांना परवानगी देत नाहीत.

चाचण्या व प्रमाणीकरण

अमेरिकेत मोटारगाडीतील बालआसनांसाठी संघराज्य मोटारवाहन सुरक्षा मानक क्रमांक २१३ लागू आहे. विमानातही वापरावयाच्या आसनांसाठी याच मानकात एक जादा चाचणी आहे. तीत बाहुली बांधलेले आसन विमानाच्या आसनासह उलटे फिरविले जाते आणि आसन व बाहुली दोन्ही जागेवर राहतात की नाही, हे पाहिले जाते. खळबळीत विमान हलते त्या स्थितीची ही प्रतिकृती आहे. चाचणीत उत्तीर्ण झालेल्या आसनावर ते मोटारवाहने व विमाने या दोहोंत वापरण्यास प्रमाणित असल्याचा मजकूर लाल अक्षरांत छापलेला असतो. केबिन कर्मचारी विमानात चढताना हाच मजकूर तपासतात.

अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या ओक्लाहोमा सिटी येथील संशोधन संस्थेने १९९४ मध्ये विमानाच्या आसनांवर विविध बालसाधनांची झटका चाचणी घेतली. मागील दिशेकडे तोंड असलेल्या आसनांची कामगिरी चांगली आढळली. पुढील दिशेकडे तोंड असलेल्या काही आसनांत, विमानाचा कमरपट्टा गाडीच्या पट्ट्यापेक्षा वेगळ्या ठिकाणी जोडलेला असल्याने, अपेक्षेपेक्षा अधिक हालचाल दिसून आली. पूरक पट्ट्याच्या चाचणीत बालकाची बाहुली समोरच्या आसनावर आदळून प्रौढ बाहुलीच्या धडाखाली चेंगरली गेली. १९९६ मध्ये अमेरिकेने पूरक पट्टे, उंचवटा आसने आणि अंगरख्यासारखी साधने यांच्या वापरास जमिनीवरील हालचाल, उड्डाण व अवतरण यांच्या वेळी बंदी केली. 'केअर्स'ला पुढे मिळालेली मान्यता ही स्वतंत्र चाचणीनंतर देण्यात आलेली विशेष मान्यता आहे.

युरोपात रस्ते वाहनांच्या आर४४ नियमानुसार मान्य झालेली आणि केवळ कमरपट्ट्याने बसविता येणारी आसने विमानात स्वीकारली जातात. जर्मनीतील टीयूव्ही संस्थेने विमानासाठी स्वतंत्र पात्रता पद्धतही विकसित केली आहे. मोटारगाडीतील आयसोफिक्स कड्यांची व्यवस्था विमानाच्या आसनांत नसते. म्हणून केवळ त्या कड्यांवरच बसणारी आसने विमानात निरुपयोगी ठरतात.

इतिहास

सू सिटी अपघात

१९ जुलै १९८९ रोजी डेन्व्हरहून शिकागोकडे जाणाऱ्या युनायटेड एअरलाइन्सच्या उड्डाण क्रमांक २३२ या डीसी-१० विमानाच्या शेपटीतील इंजिनाची चकती फुटली. तिच्या तुकड्यांनी विमानाच्या तिन्ही द्रवचालित नियंत्रण प्रणाली निकामी केल्या. कप्तान अल हेन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी केवळ उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमीअधिक करीत विमान आयोवा राज्यातील सू सिटीच्या विमानतळावर आणले. धावपट्टीवर विमान कोसळून पेटले. विमानात २९६ जण होते. त्यांपैकी ११२ जण दगावले व १८४ जण वाचले.

विमानात मांडीवर बसविलेली चार मुले होती. बिघाड व अवतरण यांच्या दरम्यान पाऊण तासाच्या आसपास वेळ मिळाला. त्या काळच्या सूचनांप्रमाणे कर्मचाऱ्यांनी पालकांना मुले पायांशी जमिनीवर ठेवून हातांनी धरून ठेवण्यास सांगितले. आघाताच्या वेळी मुलांना धरून ठेवणे पालकांना अतिशय कठीण गेले. तेवीस महिन्यांचा एक मुलगा धुराने गुदमरून मरण पावला. अकरा महिन्यांच्या एका मुलीला वरच्या सामानाच्या कप्प्यातून एका सहप्रवाशाने बाहेर काढले आणि ती वाचली.

या उड्डाणाच्या प्रमुख केबिन कर्मचारी जॅन ब्राउन यांनी ती सूचना स्वतः पालकांना दिली होती. अपघातानंतर मृत मुलाच्या आईशी त्यांची गाठ पडली. त्यानंतर त्यांनी प्रत्येक बालकाला स्वतंत्र आसन मिळावे यासाठी अनेक वर्षे प्रयत्न केले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९९० मध्ये उड्डाण, अवतरण व खळबळ यांच्या वेळी बालकांसह सर्व प्रवाशांना बांधून ठेवण्याची सक्ती करावी, अशी शिफारस केली.

शार्लट अपघात

२ जुलै १९९४ रोजी यूएसएअरचे उड्डाण क्रमांक १०१६ हे डीसी-९ विमान उत्तर कॅरोलायना राज्यातील शार्लट येथे वादळात उतरत असताना कोसळले. विमानातील ५७ जणांपैकी ३७ जण मरण पावले. मृतांत मांडीवर धरलेली नऊ महिन्यांची एक मुलगी होती. आघाताच्या वेळी आईला तिला धरून ठेवता आले नाही. योग्य बालसुरक्षा आसनात बांधलेली असती तर तिला प्राणघातक इजा बहुधा झाली नसती, असा निष्कर्ष मंडळाने काढला आणि आपली शिफारस पुन्हा मांडली.

सानिकिलुआक अपघात

२२ डिसेंबर २०१२ रोजी कॅनडातील विनिपेगहून नुनावुत प्रदेशातील सानिकिलुआक येथे आलेले एक लहान विमान उतरण्याच्या प्रयत्नात कोसळले. विमानात नऊ जण होते. मांडीवर धरलेले सहा महिन्यांचे बालक मरण पावले, इतर आठही जण वाचले. कॅनडाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१५ मध्ये बालके व लहान मुले यांच्यासाठी वयानुरूप सुरक्षा साधनांची सक्ती करण्याची शिफारस केली. याच वर्षी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने बालसुरक्षा साधनांची मान्यता व वापर यांविषयी मार्गदर्शक पुस्तिका प्रसिद्ध केली.

अलास्का एअरलाइन्सची घटना

५ जानेवारी २०२४ रोजी पोर्टलंडहून निघालेल्या अलास्का एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ मॅक्स ९ विमानाच्या भिंतीतील दाराचा बंद तुकडा हवेत असताना उडून गेला. त्याच्या लगतची दोन आसने रिकामी होती आणि विमानातील सर्वजण वाचले. विमानात मांडीवरील तीन बालकेही होती. उघड्या भगदाडाजवळ असे बालक असते तर काय झाले असते, हा प्रश्न या घटनेमुळे पुन्हा चर्चेत आला.

सक्तीविषयीचा वाद

१९९७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या विमान सुरक्षा आयोगाने बालसुरक्षा साधने सक्तीची करण्याची शिफारस केली. १९९८ मध्ये विमान वाहतूक प्रशासनाने तसा नियम करण्यासाठी मते मागविली. पण २००५ मध्ये तो प्रस्ताव मागे घेतला. प्रशासनाची भूमिका अशी होती की, सक्ती केल्यास पालकांना आणखी एक तिकीट घ्यावे लागेल. खर्च वाढल्याने काही कुटुंबे विमानाऐवजी मोटारीने प्रवास करतील. रस्त्यावरील प्रवास विमानापेक्षा कितीतरी अधिक धोक्याचा असल्याने, विमानात वाचलेल्या जिवांपेक्षा रस्त्यावर गमावलेले जीव अधिक होतील.

या युक्तिवादास २००३ मध्ये बालरोगविषयक एका अमेरिकी नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने आधार दिला. सक्तीमुळे अमेरिकेत वर्षाला सरासरी ०.४ बालमृत्यू टळतील, असा अंदाज त्यात मांडला होता. विमान सोडून मोटारीकडे वळणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण पाच ते दहा टक्क्यांहून अधिक झाल्यास एकूण मृत्यू घटण्याऐवजी वाढतील, असेही त्यात नमूद होते.

राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने हे गृहीतक मान्य केले नाही. विमानप्रवासातील घट आणि रस्त्यावरील मृत्यू यांच्यात अपेक्षित तसा स्पष्ट संबंध दिसत नाही, असे त्याने २००४ मधील विश्लेषणात मांडले. मंडळाचा दुसरा मुद्दा तत्त्वाचा होता : प्रौढांना व सामानाला लागू असलेले संरक्षण सर्वांत असहाय प्रवाशाला नाकारणे समर्थनीय नाही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ अकादमीनेही २००१ मध्ये सक्तीच्या बाजूने भूमिका घेतली होती. केबिन कर्मचाऱ्यांच्या संघटना याच मताच्या आहेत.

विमान अपघात म्हणजे सर्वांचा मृत्यू, मग आसनाने काय फरक पडणार, असा एक समज या चर्चेत आढळतो. तो वस्तुस्थितीला धरून नाही. १९८३ ते २००० या काळातील अमेरिकी प्रवासी विमानांच्या अपघातांचा मंडळाने अभ्यास केला असता, अपघातग्रस्त विमानांतील ९५.७ टक्के लोक वाचल्याचे आढळले. आग, गंभीर इजा आणि विमानाची मोठी हानी असे तिन्ही घडलेल्या अपघातांतही निम्म्याहून अधिक लोक वाचले होते. अशाच अपघातांत मूल बांधलेले होते की नाही, याला महत्त्व येते.

सक्तीविरुद्धचा युक्तिवाद एकूण लोकसंख्येविषयीचा आहे, एखाद्या विशिष्ट कुटुंबाविषयीचा नाही, हेही लक्षात घ्यावे लागते. ज्या कुटुंबाचा विमानानेच जाण्याचा निश्चय झालेला आहे, त्याच्यापुढे मोटारीचा पर्याय नसतो. मुंबईहून लंडनला किंवा न्यू यॉर्कला जाणाऱ्या कुटुंबाला तर तो नसतोच. अशा प्रवाशांच्या बाबतीत आसन वापरल्याने धोका वाढण्याचे कोणतेही कारण उरत नाही. उरतो तो फक्त खर्चाचा आणि सोयीचा प्रश्न. म्हणूनच सक्तीचा प्रस्ताव मागे घेणारे अमेरिकी प्रशासनही, दोन वर्षांखालील मुलासाठी सर्वांत सुरक्षित जागा पालकाची मांडी नसून मान्यताप्राप्त बालसुरक्षा साधन हीच आहे, असा सल्ला पालकांना देते.

देशोदेशींचे नियम

अमेरिका : दोन वर्षांखालील मूल प्रौढाच्या मांडीवर बसू शकते. मुलाचे तिकीट घेतलेले असल्यास आणि आसन मान्यताप्राप्त असल्यास कंपनी त्याचा वापर नाकारू शकत नाही. ते कोणत्या जागी बसवावे हे मात्र ती ठरवू शकते.

युरोपीय संघ व ब्रिटन : दोन वर्षांखालील मुलाला एकतर पूरक पट्ट्याने प्रौढाच्या मांडीवर किंवा बालसुरक्षा साधनात बसविणे आवश्यक असते. न बांधलेले बालक तेथे चालत नाही.

कॅनडा : मांडीवरील बालकास परवानगी आहे, परंतु सरकारी यंत्रणा स्वतंत्र आसनाचीच शिफारस करते.

हे नियम सामान्यतः विमान चालविणाऱ्या कंपनीच्या देशानुसार लागू होतात, प्रवाशाच्या देशानुसार नाही. त्यामुळे एकाच प्रवासाच्या एका टप्प्यात मुलाला पूरक पट्टा मिळतो आणि अमेरिकी कंपनीच्या पुढच्या टप्प्यात तोच पट्टा वर्ज्य ठरतो.

भारतातील स्थिती

भारतात दोन वर्षांखालील मुलांना प्रौढाच्या मांडीवर बसवून नेता येते. कार सीट आणावयाची असल्यास मुलाचे स्वतंत्र आसन आरक्षित करून कंपनीला आधी कळवावे लागते. स्वीकारावयाच्या आसनांचे निकष कंपनीगणिक बदलतात.

मोटारगाडीतील बालआसनांसाठी भारतात एआयएस-०७२ हे मानक आहे. ते रस्त्यावरील वाहनांपुरते असल्याने, भारतात घेतलेल्या प्रत्येक आसनावर विमानातील वापराचा मजकूर असेलच असे नाही. मोटारवाहन अधिनियमात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने कलम १९४-बी समाविष्ट झाले. चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालसुरक्षा साधन न लावता गाडी चालविल्यास त्यानुसार एक हजार रुपये दंड आहे. तरीही देशात कार सीटचा वापर अद्याप मर्यादित आहे. मुलाला कडेवर किंवा मांडीवर घेऊन प्रवास करणे हेच मायेचे आणि म्हणून सुरक्षिततेचेही लक्षण मानले जाते. विमानातही तीच सवय पुढे चालू राहते.

अमेरिका, युरोप व आखाती देशांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हा प्रश्न दोन्ही दिशांच्या प्रवासात भेडसावतो. अमेरिकेच्या सर्व राज्यांत मोटारगाडीतील लहान मुलांसाठी बालआसनाचा कायदा आहे. त्यामुळे विमानतळावर उतरताच नातेवाइकांच्या गाडीतून घरी जाण्यासाठी कार सीट लागतेच. उलट भारतात आल्यावर टॅक्सी व रिक्षांत ती बसविण्याची सोय बहुधा नसते.

व्यावहारिक बाबी

विमानातील साध्या श्रेणीच्या आसनाची रुंदी सामान्यतः ४३ ते ४६ सेंटिमीटर असते. सुमारे ४० सेंटिमीटर रुंदीपर्यंतची कार सीट बहुतेक आसनांवर बसते. इतर प्रवाशांचा बाहेर पडण्याचा मार्ग अडू नये म्हणून ती सहसा खिडकीशेजारी लावली जाते. संकटकालीन दारांच्या रांगेत ती लावता येत नाही; अमेरिकी कंपन्यांत त्या रांगेच्या लगतच्या पुढील व मागील रांगांतही मनाई असते. हवापिशवी असलेल्या आसनपट्ट्यांवर आणि उच्च श्रेणीतील तिरप्या आसनांवर ती बसत नसल्याचे आढळते.

संकटकाळी विमानातून बाहेर पडताना मुलाला पट्ट्यांतून सोडवून केवळ त्यालाच उचलून न्यावे लागते. आसन विमानातच राहते. म्हणून पट्टे चटकन सोडता येण्याचा सराव पालकांना असणे उपयुक्त ठरते.

स्वतंत्र तिकीट न घेता कार सीट सोबत नेल्यास ती सामानकक्षात पाठवावी लागते. अनेक कंपन्या त्याचे शुल्क घेत नाहीत. परंतु हाताळणीत आसनाला बाहेरून न दिसणारी इजा होऊ शकते. जोराचा आघात झालेले आसन पुढे गाडीतही भरवशाचे राहत नाही. काही कंपन्या शेजारचे आसन रिकामे राहिल्यास तेथे मान्यताप्राप्त कार सीट लावू देतात, मात्र भरलेल्या विमानात ही संधी मिळत नाही.

परिचित आसनात बसलेले मूल लांबच्या प्रवासात अधिक शांत झोपते, असा अनेक पालकांचा व केबिन कर्मचाऱ्यांचा अनुभव आहे. दुसऱ्या बाजूस आसनाचे वजन, विमानतळावरील धावपळ आणि तिकिटाचा जादा खर्च या खऱ्या अडचणी आहेत. दोन वर्षांवरील मुलाच्या बाबतीत तिकीट घेणे भागच असल्याने प्रश्न केवळ आसन वाहून नेण्यापुरता उरतो. दोन वर्षांखालील मुलाच्या बाबतीत मात्र कायद्याने दिलेली सवलत आणि सुरक्षा संस्थांनी दिलेला सल्ला यांतील निवड पालकांनाच करावी लागते.